घाटकोपर ते लोणावळा, व्हाया सॉफ्टवेअर

मंडळी, सायकलवाल्यांमध्ये दोन प्रश्न कायम फिरत असतात. 'गिअर किती?' हा पहिला. त्याचं उत्तर दुकानदारही देतो. 'रूट कशावर आखता?' हा दुसरा. याचं उत्तर मात्र ज्याला विचाराल तो आपल्या फोनमध्ये जे ॲप असेल त्याचं नाव सांगून देतो, आणि वर 'बेस्ट आहे' असं प्रशस्तिपत्रकही. गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न मला हापिसात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत विचारला गेला. म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकतो. पुढच्या वेळी दुवा पाठवला की काम झालं.

आधीच सांगतो, हे 'टॉप टेन' नव्हे. तसले लेख जालावर पोत्याने सापडतात आणि त्यातले निम्मे ज्यांनी लिहिले त्यांनी सायकलला हातही लावलेला नसतो. माझं मत सरळ आहे. ज्याचा नकाशा तुम्हाला स्वतः दुरुस्त करता येतो, ज्याचं गणित तुम्हाला बदलता येतं आणि ज्यातून फाइल बाहेर काढून घरच्या संगणकावर ठेवता येते, ते सॉफ्टवेअर घ्या. बाकी रंग, बॅज, 'तुम्ही या आठवड्यात अमुक माणसांना हरवलंत' वगैरे सगळं शोभेचं.

हे मत पुण्यात किंवा नाशकात बसून कदाचित इतकं ठासून मांडलं नसतं. पण घाटकोपरला राहणाऱ्या सायकलवाल्याची अडचण वेगळी आहे. आपल्या आजूबाजूचे जे सगळ्यात सरळ, सगळ्यात गुळगुळीत आणि सगळ्यात जवळचे रस्ते आहेत, नेमके तेच आपल्याला बंद आहेत. पूर्व मुक्त मार्ग २०१३ साली सुरू झाला. त्याचं आपल्याकडचं टोक घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडवर येतं, म्हणजे फोर्टात जायला घाटकोपरकराला याहून सोपा रस्ता नाही. पण दुचाकींना बंदी. (स्कूटरला बंदी म्हटल्यावर सायकलला कोण विचारतो?) वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ सालचा, तिथेही बंदी. अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला, शिवडीहून खाडी ओलांडून जवळजवळ २२ किलोमीटर, डोळ्यांचं पारणं फिटावं असा. बंदी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाबद्दल तर बोलायलाच नको.

आता कुठल्याही सॉफ्टवेअरला 'जवळचा रस्ता दाखव' म्हटलं की ते आधी या चार ठिकाणी नाक खुपसणार. नकाशात त्या रस्त्यावर 'सायकलला मनाई' अशी खूण असेल तर ते मागे फिरेल. खूण नसेल, किंवा शंभर मीटरच्या एका तुकड्यावर ती राहून गेली असेल, तर ते तुम्हाला पहाटे साडेपाचला मुक्त मार्गाच्या चढणीवर नेऊन सोडेल. मग पुढे पोलीस, किंवा त्याहून वाईट म्हणजे मागून ऐंशीच्या वेगाने येणारी गाडी. नवीन माणूस उपकरणावर डोळे ठेवून चालवतो. ते 'डावीकडे' म्हणालं की तो डावीकडे वळतो. हा गमतीचा विषय नाही.

म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर तपासताना मी त्याला तीन कामं देतो. घाटकोपर ते फोर्ट, घाटकोपर ते उरण आणि घाटकोपर ते लोणावळा. पहिल्यात ते मुक्त मार्ग टाळतं का ते कळतं, दुसऱ्यात अटल सेतू टाळतं का ते कळतं. तिसरी परीक्षा अवघड, तिच्याकडे शेवटी येतो. ही तीन कामं तुमच्या ॲपला आज देऊन बघा. पाच मिनिटांत त्याची पत्रिका हातात येईल.

थोडं पोटातलं सांगतो, कारण त्याशिवाय निवड करता येत नाही. रस्ता शोधण्याचं मूळ गणित डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाचं. १९५६ साली ॲमस्टरडॅममध्ये बायकोबरोबर (तेव्हा ती व्हायची होती) खरेदी करून दमल्यावर हे महाशय कॉफी प्यायला बसले आणि रॉटरडॅमहून ग्रोनिंगनला जायचा सर्वात जवळचा रस्ता कसा काढायचा हे त्यांनी वीसेक मिनिटांत, कागद-पेन्सिल न घेता, डोक्यातच सोडवलं. १९५९ साली ते छापून आलं. आज तुमच्या हातातलं प्रत्येक ॲप याच गणिताची कुठली तरी नातवंडं-पतवंडं चालवतं. त्यामुळे 'आमचा अल्गोरिदम भारी' या जाहिरातीला फसू नका. अल्गोरिदम सगळ्यांचा सारखाच म्हणा ना. फरक दोनच गोष्टींत असतो. नकाशा कुठला, आणि कुठल्या रस्त्याला किती 'खर्च' लावला आहे.

खर्च म्हणजे पैसे नव्हेत. किलोमीटरभर डांबरी गल्लीचा खर्च एक धरला, तर किलोमीटरभर खडीच्या रस्त्याचा तीन, महामार्गाचा पाच, असं काहीतरी. सॉफ्टवेअर हा सगळा खर्च बेरजेला लावून सर्वात स्वस्त पडणारी वाट निवडतं. आता हे एक-तीन-पाच कोणी ठरवले? बहुतेक वेळा युरोपात किंवा अमेरिकेत बसलेल्या कोणीतरी. जर्मनीतल्या माणसाला महामार्ग म्हणजे संकट वाटतो आणि वस्तीतली गल्ली म्हणजे सुख. त्याचं त्याच्या जागी बरोबर आहे. पण तेच आकडे घेऊन तुम्ही घाटकोपरहून मुलुंडला निघालात की सॉफ्टवेअर तुम्हाला पूर्व द्रुतगती महामार्गावरून उचलून कन्नमवार नगरच्या आत घालतं, तिथून सर्व्हिस रोडवर काढतं, तिथे उभ्या असलेल्या ट्रकांमधून फिरवतं आणि दर दोनशे मीटरवर एक गतिरोधक खायला देतं. का, तर गल्ली 'स्वस्त' आहे!

पहाटे साडेपाचला हायवे रिकामा असतो. मागे लाल दिवा, अंगात चमकतं जॅकेट आणि डावी कडा धरून चालवलं तर तो त्या वेळी मुंबईतल्या बऱ्यापैकी चालवण्याजोग्या रस्त्यांपैकी एक. तोच रस्ता सकाळी दहा वाजता साक्षात यम. म्हणजे एकाच रस्त्याला दोन खर्च हवेत. मला माहीत असलेल्यांपैकी हे सगळ्यात मोकळेपणाने करू देणारं एकच, ते म्हणजे बीराउटर. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, ब्राउझरमध्ये चालतं, अँड्रॉइड फोनवर जालाशिवायही चालतं. त्यात खर्चाचे आकडे एका साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहिलेले असतात. ती उघडायची, आकडे बदलायचे, जतन करायचं. दहा हजार लिहिले की तो रस्ता बंद. मी अशा दोन फाइली करून ठेवल्या आहेत, 'पहाट' आणि 'दिवसा'. पहिलीत महामार्ग स्वस्त, दुसरीत महाग. इतकं साधं आहे. प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही, आयकर विवरणपत्र भरता येत असेल तर हे नक्की येईल.

बीराउटरची आणखी एक गंमत इथेच सांगून टाकतो. त्याच्या मूळ 'ट्रेकिंग' प्रोफाइलमध्ये दंड चढाला नाही, उताराला आहे! पहिल्यांदा वाचलं की कोणालाही वाटेल, लिहिणाऱ्याने चुकून उलटं लिहिलंय. पण विचार करा. निघायचं ठिकाण आणि पोचायचं ठिकाण ठरलेलं आहे, म्हणजे दोघांच्या उंचीतला फरक ठरलेला आहे. तो चढ तुम्हाला चढायचाच आहे. वाटेत तुम्ही उगाच जितके मीटर उतराल, तितके जादा मीटर परत चढावे लागणार. म्हणून फुकटच्या उताराला दंड लावला की फुकटचा चढ आपोआप टळतो. असलं काही वाचलं की धंद्यातल्या माणसाला बरं वाटतं.

आता नकाशा. बीराउटर, ओस्मअँड, कोमूट, स्ट्राव्हा, राइड विथ जीपीएस, वाहूची उपकरणं, गार्मिनचे हल्लीचे सायकल नकाशे, या सगळ्यांच्या मुळाशी पाहिलं तर ओपनस्ट्रीटमॅप सापडतं. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणाने सुरू केलेला प्रकल्प. तिथल्या सरकारी सर्वेक्षण खात्याचे नकाशे महाग आणि कुलूपबंद, म्हणून लोकांनीच जीपीएस घेऊन फिरायचं आणि नकाशा काढायचा. त्याच्या चार वर्षं आधी, मे २००० मध्ये, अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक बंद केली होती. त्याआधी तुमचं स्थान शंभर मीटर इकडे-तिकडे दिसायचं, म्हणजे घाटकोपर पूर्वेला उभं राहिलात तर उपकरण तुम्हाला रुळांवर दाखवू शकलं असतं. ती अडचण गेली म्हणून हा सगळा खेळ शक्य झाला.

आपल्याकडे तर नकाशा म्हणजे भानगडच. सर्व्हे ऑफ इंडिया १७६७ सालचं, जगातल्या जुन्या सर्वेक्षण संस्थांपैकी एक. पण किनाऱ्याजवळच्या पट्ट्याची तपशीलवार टोपोशीटं वर्षानुवर्षं प्रतिबंधित होती, म्हणजे मुंबईकराला स्वतःच्या गावाचा चांगला नकाशा सरकारकडून मिळायची मारामार. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने नवे भू-स्थानिक नियम जाहीर केले आणि भारतीयांना नकाशे करायला परवानग्या मागत फिरायची गरज उरली नाही. अडीचशे वर्षांनी का होईना, सुटलो.

'गूगल आहे की!' असं तुमच्यापैकी निम्मे आतापर्यंत म्हणाले असतील. आहे ना. चहाची टपरी, पंक्चरवाला, एटीएम शोधायला त्याच्यासारखं दुसरं नाही आणि मीही त्यासाठी वापरतो. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी भारतात 'टू-व्हीलर'चा पर्याय आणला, तो अनेक सायकलवाले बिनदिक्कत वापरतात. पण तो मोटारसायकलसाठी आहे हो! त्याचं गणित मिनिटांत चालतं, आणि ती मिनिटं इंजिनाची. शंभर मीटर उंचीचा चढ त्याच्या लेखी काहीच नाही. शिवाय आखलेला रस्ता जीपीएक्स फाइल म्हणून सरळ बाहेर काढता येत नाही, मग हँडलबारवरच्या उपकरणात घालणार काय? आणि नकाशातली चूक कळवली तर ती दुरुस्त करायची की नाही हे तेच ठरवणार. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये मी रात्री अकराला चूक दुरुस्त करतो आणि थोड्याच दिवसांत ती रूट आखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उतरलेली असते.

स्ट्राव्हाच्या हीटमॅपबद्दलही थोडं. जिथे जास्त लोकांनी सायकल चालवली तो रस्ता उजळ दिसतो, म्हणून तो चांगला, असं त्याचं तर्कशास्त्र. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांनी जगाचा हीटमॅप प्रसिद्ध केला आणि जानेवारी २०१८ मध्ये लक्षात आलं की वाळवंटातल्या लष्करी तळांभोवती पळणारे सैनिकही त्यात लख्ख दिसताहेत. तेव्हा मोठा गहजब झाला होता. पण माझा आक्षेप त्याहून साधा आहे. घाटकोपरमध्ये रोज सायकल कोण चालवतं? पाववाला, दूधवाला, इस्त्रीचे कपडे पोचवणारा, रात्रपाळी संपवून घरी जाणारा वॉचमन. असल्फ्याच्या चढावर वीस किलो ओझं घेऊन कुठून जावं, कुठे उतरून ढकलावं, कुठल्या गल्लीत पाणी भरतं, हे या लोकांना जितकं कळतं तितकं आपल्याला जन्मात कळणार नाही. त्यांच्यापैकी एकाचीही रेघ हीटमॅपवर नाही. हीटमॅप दाखवतो ते रविवारी सकाळी महागडं उपकरण लावून निघालेल्यांचे रस्ते. मीही त्यातलाच. म्हणून तो नकाशा बघायला हरकत नाही, पण त्यावर रस्ता ठरवणं म्हणजे मॉलमधली गर्दी पाहून शहराला भूक लागली आहे की नाही ते ठरवणं.

आता फाइलचा मुद्दा. हा लोकांना सगळ्यात क्षुल्लक वाटतो आणि मला सगळ्यात महत्त्वाचा. २३ जुलै २०२० रोजी गार्मिनच्या यंत्रणेवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला आणि त्यांची सेवा काही दिवस बंद पडली. ज्यांचे रूट फक्त त्या 'ढगात' होते ते बसले हात चोळत. ज्यांच्याकडे फाइल होती त्यांनी केबल लावली, फाइल उपकरणात टाकली आणि निघाले. जीपीसीज नावाचं एक छान जर्मन संस्थळ होतं, लोकांनी वर्षानुवर्षं तिथे रूट चढवले. २०१९ साली ऑलट्रेल्सने ते विकत घेतलं आणि मूळ संस्थळ संपलं. मार्च २०२५ मध्ये कोमूट बेंडिंग स्पून्स या इटालियन कंपनीने विकत घेतलं आणि पाठोपाठ बहुतेक कर्मचाऱ्यांना नारळ मिळाला. स्ट्राव्हाने रूट आखण्याची सोय २०२० साली वर्गणीदारांपुरती केली. यात कोणी लबाडी केली असं माझं म्हणणं नाही. धंदा आहे, तो विकला जाणार, महाग होणार. आपण आपली फाइल आपल्याकडे ठेवावी, एवढंच.

आणि फाइल ठेवताना ती 'ट्रॅक' म्हणून ठेवा, 'रूट' म्हणून नको. जीपीएक्स हा प्रकार २००२ सालचा, त्याची चालू आवृत्ती १.१ ही २००४ ची, आणि अजून ठणठणीत आहे. (सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षं टिकलेली गोष्ट दिसली की नमस्कार करावा.) त्यात 'रूट' म्हणजे मोजके बिंदू. त्या बिंदूंमधला रस्ता तुमचं उपकरण स्वतःच्या नकाशावर, स्वतःच्या अकलेने पुन्हा शोधतं. म्हणजे तुम्ही रात्री जागून मुक्त मार्ग टाळलात आणि उपकरणाने सकाळी परत तिथेच नेलं, असं होऊ शकतं. 'ट्रॅक' म्हणजे हजारो बिंदूंची सलग रेघ. तिथे अक्कल चालवायला वाव नाही. आखलंय तसं चालवा. बीआरएम करणाऱ्यांना हे सांगायला नको. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० ला ४० तास, अशा घड्याळाशी बांधलेल्या राइडमध्ये उपकरणाने मध्येच 'रस्ता पुन्हा शोधतोय' म्हणणं परवडत नाही.

चढाच्या आकड्यांवर फार विश्वास टाकू नका, मग सॉफ्टवेअर कुठलंही असो. बहुतेकांची उंचीची माहिती एकाच ठिकाणाहून येते. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने अकरा दिवसांत रडारने जमिनीची उंची मोजली, तीच. त्यात साधारण तीस मीटरचा एक चौकोन आणि त्याला एक उंची. सपाट मुलुखात हे चालून जातं. सह्याद्रीत रस्ता डोंगराच्या कुशीत कोरलेला असतो. रेघ तीस मीटर सरकली की एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. मग सॉफ्टवेअर कागदावर तुम्हाला दर वळणाला कड्यावर चढवतं आणि दरीत उतरवतं, आणि एकूण चढ फुगतो. खोपोली साठेक मीटरवर, लोणावळा सव्वासहाशेच्या आसपास. म्हणजे घाट साडेपाचशे मीटरचा, याहून खूप जास्त दिसलं तर घाबरून जाऊ नका. उपकरणात हवेच्या दाबावर चालणारा मापक असेल तर तो जास्त खरा, पण एक मिलिबार दाब बदलला की उंचीत साधारण आठ मीटरचा फरक पडतो. पावसाळ्यात दाब वरखाली होतो, आणि मापकाच्या भोकात पाणी गेलं की आकडे काहीही येतात.

माझ्या शेजारच्या क्युबिकलमधला मित्र हे सगळं ऐकून म्हणाला, "अरे, आठवडाभर कोड लिहायचा आणि शनिवारी रात्री पुन्हा फाइल उघडून आकडे बदलायचे? मी कोमूट उघडतो, दोन बोटं लावतो, झोपतो. मला सायकल चालवायचीये, सर्वेक्षण खातं नाही चालवायचं." यात तथ्य आहे, नाकारत नाही. ज्याला महिन्यातून एकदा आरेतून किंवा येऊरपर्यंत जाऊन यायचंय त्याने खरंच एवढा उपद्व्याप करू नये. गटाने जायचं असेल, वळणांच्या सूचना नीट हव्या असतील, तर राइड विथ जीपीएससारख्या ठिकाणी पैसे मोजणंही मला पटतं. आमच्या गटातल्या एका काकांचं तर याहून पुढचं म्हणणं. ते म्हणतात, "तुम्ही पोरं यंत्राला विचारता. मी टपरीवर विचारतो. टपरीवाल्याचा नकाशा रोज सकाळी अपडेट होतो." काकांशी वाद घालता येत नाही. मी एवढंच म्हणालो, "काका, टपरीवाल्याने सांगितलेलं तुम्ही मला सांगा, मी नकाशात घालतो."

कारण नकाशात नसलेल्या आणि असून नसलेल्या गोष्टींची आपल्या भागात ददात नाही. महापालिकेची 'हरित वारी जलतीरी' आठवते? तानसा जलवाहिनीच्या कडेने ३९ किलोमीटरचा सायकल ट्रॅक, मुलुंडपासून, घाटकोपरवरून. जलवाहिनीलगतची अतिक्रमणं काढल्यावर मोकळी झालेली जागा वापरायची, कल्पना उत्तमच होती. तुकडे झाले, सलग ३९ किलोमीटर काही चालवायला मिळाले नाहीत. पवई तलावाभोवतीचा ट्रॅक मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला आणि बांधकाम काढायला सांगितलं. बीकेसीत एमएमआरडीएने २०११ साली ट्रॅक केला, त्यावर गाड्या उभ्या राहिल्या. आता हे तिन्ही ट्रॅक कोणी उत्साहाने नकाशात हिरव्या रेघेने काढून ठेवले, तर सायकलस्नेही म्हणवणारं प्रत्येक सॉफ्टवेअर तुम्हाला आनंदाने तिकडे नेणार. उलट एलबीएस मार्गावर मेट्रो-४ च्या कामाने २०१८ पासून रस्ता कुठे अर्धा, कुठे पाव करून टाकला, ते नकाशाला कळवल्याशिवाय कळत नाही. हे कळवायचं काम घाटकोपरमध्ये बसलेल्यानेच करायला हवं. फोनवर स्ट्रीटकम्प्लीट नावाचं ॲप आहे, ते तुम्ही उभे आहात तिथले साधे प्रश्न विचारतं. रस्ता डांबरी की काँक्रीट? एकेरी की दुहेरी? इथे पायऱ्या आहेत का? भटवाडीच्या टेकडीवर 'पायऱ्या' ही एक खूण राहिली तर सायकल खांद्यावर घेऊन चढायची पाळी येते. पाच मिनिटांचं काम आहे.

एका गोष्टीवर मात्र माझं आणि इतर नकाशेवाल्यांचं जमत नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या आतल्या, आरेच्या कडेच्या पायवाटा नकाशात घालाव्यात का? काही जण म्हणतात, घालूच नयेत. घातल्या की कोणीतरी सायकल घेऊन जाणार, आणि तिथे बिबटे राहतात, वनखात्याची परवानगी नसते. मला वाटतं घालाव्यात, पण सोबत 'प्रवेश नाही' ही खूणही घालावी. वाट जमिनीवर आहे म्हणजे ती नकाशात कधीतरी येणारच, उपग्रहचित्र बघून परदेशातलं कोणीतरी काढेल आणि त्याला बिबट्याचा पत्ताही नसेल. आपण आधी काढली तर मनाई लिहून काढू. वस्तीतल्या गल्ल्यांचंही तसंच. त्या नकाशात हव्यात, कारण तिथे रुग्णवाहिका जायला हवी. पण रविवारी सकाळी पंधरा लायक्रावाल्यांनी लोकांच्या दारातून, नळाच्या रांगेतून घंटा वाजवत जावं म्हणून नव्हे. माझ्या दोन्ही प्रोफाइलमध्ये अशा गल्ल्यांचा खर्च मुद्दाम वाढवून ठेवला आहे. ओझं घेऊन जाणाऱ्याला ती वाट लागते, मला लागत नाही.

असो. लोणावळ्याची परीक्षा राहिली. साधारण पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटर. लिंक रोडने मानखुर्द, वाशीचा खाडीपूल, सायन-पनवेल मार्ग. कळंबोलीला पहिली मेख, तिथे द्रुतगती मार्ग सुरू होतो आणि सॉफ्टवेअर डुलकी घेत असेल तर तुम्ही थेट त्यावर. तिथून सुटलात की पनवेल, जुना हायवे, चौक, खालापूर, खोपोली. मग शिंग्रोबाचा घाट. दंतकथा अशी की, या डोंगरातून वाट कुठून काढावी ते इंग्रजांच्या अभियंत्यांना सुचेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने ती दाखवली. बदल्यात काय हवं विचारल्यावर त्याने स्वातंत्र्य मागितलं आणि गोऱ्यांनी त्याला मारलं. घाटात त्याचं देऊळ आहे, येणारे-जाणारे थांबून हात जोडतात. मीही थांबतो. एक तर श्रद्धा, दुसरं म्हणजे तिथे श्वास घ्यायची गरज असतेच.

खरी मेख देवळाच्या पुढे. घाटमाथ्याजवळ जुना रस्ता आणि द्रुतगती मार्ग काही अंतर एकत्र येतात, जिथे १८३० सालचा अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला त्या भागात. जुन्या रस्त्याने येणाऱ्या सायकलवाल्याला तेवढा तुकडा त्याच डांबरावरून जाऊन खंडाळ्याला बाहेर पडावं लागतं. आता सॉफ्टवेअरने काय करावं? 'द्रुतगती मार्गावर सायकल बंद' हा नियम काटेकोर पाळला तर घाटात रस्ता तुटतो आणि ते तुम्हाला लोणावळ्याला पोचवायला भलताच वळसा सुचवतं. नियम ढिला केला तर ते कळंबोलीपासूनच द्रुतगती मार्गावर घालतं. उपाय एकच, त्या तुकड्यापुरती वेगळी खूण नकाशात हवी आणि तिथली पाटी पाहून आलेल्या माणसानेच ती करायला हवी. या परीक्षेत ज्याचा नकाशा मला हात लावू देत नाही ते सॉफ्टवेअर नापास होतं, आणि नापास झाल्यावर त्याला पास करायचा मार्गही माझ्याकडे नसतो.

तर सध्या माझ्याकडे असं आहे. घरी संगणकावर बीराउटर, वर सायक्लोएसएमचा थर, कारण त्यात रस्त्याचा पोत आणि चढ छान दिसतो. शंकेच्या जागी उपग्रहचित्र. फाइल जीपीएक्स ट्रॅक, केबलने उपकरणात, एक प्रत फोनवर ओस्मअँडमध्ये, नकाशा आधीच उतरवून घेतलेला, कारण घाटात रेंज जाते. फाइलच्या नावात तारीख. मिसिंग लिंक प्रकल्प घाटातली वाहतूक वळवण्यासाठीच आहे, त्यामुळे खंडाळ्याजवळच्या त्या तुकड्याची पाटी दर मोसमात पुन्हा वाचावी लागेल. तुमच्यापैकी कोणी येत्या रविवारी तिकडे जाणार असेल तर थांबून पाटीचा फोटो काढा आणि मला पाठवा. खूण मी करतो.